काकरापारचा कचरा आणि त्याची वही: अणुकचऱ्यावरच्या देखरेखीचा एक इतिहास

सुरतेत बसून हा विषय लिहायचा तर आधी नकाशा उघडावा लागतो. शहराच्या वरच्या अंगाला, तापीच्या खोऱ्यात, साधारण ८० किलोमीटरवर काकरापारचं अणुवीज केंद्र. आणि मुंबईची गाडी पकडली की वापी, घोलवड, डहाणू मागे टाकून बोईसर येतं. त्याच्या पश्चिमेला समुद्रकाठी तारापूर. काकरापारला वीज होते आणि जळालेलं इंधन निघतं. तारापूरला विजेबरोबरच असं इंधन विरघळवून त्यातला तीव्र कचरा काचेत गोठवण्याचे कारखाने आहेत. सुरत या दोन गावांच्या मधे आहे. आपल्या मंडळात वखारींवर, तापीच्या पुरांवर, १९९४ च्या प्लेगवर भरपूर वाचन झालं. या दोन गावांना जोडणाऱ्या गोष्टीवर फारसं कोणी बोललेलं नाही, म्हणून हा निबंध.

मी आयुष्यभर रंगाई-छपाईच्या मिलांमधे इंजिनिअर म्हणून काम केलं. सांडपाणी म्हणजे काय, त्याचा नमुना कोण घेतो, वही कोण भरतो आणि ती वही कोण तपासतो, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. त्यामुळे अणुकचऱ्याचे कागद वाचताना माझं लक्ष सारखं त्या वहीकडेच जायचं. किरणोत्सर्ग किती, हा शास्त्रज्ञांचा प्रश्न. तो मोजणारा कोणाचा पगारी आहे, हा इतिहासाचा.

आधी कचरा म्हणजे नेमकं काय ते बघू. अणुवीज केंद्रातून दोन तऱ्हेचा माल निघतो. एक रोजचा: हातमोजे, पुसायची फडकी, गाळण्या, पाणी शुद्ध करणारी रेझिनं, टाक्यांच्या तळाचा गाळ, बदललेले सुटे भाग. काकरापारच्या २२० मेगावॅटच्या एका भट्टीत ३०६ नळ्या असतात, ज्यांत इंधनाचे गट्ठे बसवतात आणि ज्यांतून जड पाणी फिरतं. दोन्ही जुन्या भट्ट्यांच्या या नळ्या काढून बदलाव्या लागल्या आहेत. काढलेली नळी भंगारात विकता येत नाही. असा कमी आणि मध्यम तीव्रतेचा माल केंद्राच्या कुंपणाच्या आतच ठेवतात: काही दगडी चर, काही आरसीसीचे चर, आणि जास्त तीव्र असेल तर जमिनीत उभ्या बसवलेल्या, आतून अस्तर लावलेल्या नळकांड्यांमधे. म्हणजे हा कचरा कुठे जात नाही. तो तापी जिल्ह्यातच राहतो.

दुसरा माल म्हणजे जळालेलं इंधन. ते भट्टीतून काढलं की काही वर्षं पाण्याच्या हौदात थंड होत पडतं. त्यानंतर आपल्या देशाचं धोरण म्हणतं की हा कचरा नाहीच, ही संपत्ती आहे. त्यातलं प्लुटोनियम आणि उरलेलं युरेनियम काढून पुढच्या टप्प्यातल्या भट्ट्यांना घालायचं. होमी भाभांच्या तीन टप्प्यांच्या योजनेचा कणाच तो आहे. त्यासाठी ट्रॉम्बेला १९६४ मध्ये पुनर्प्रक्रियेचा कारखाना उभा राहिला, पुढे तारापूरला, मग कल्पाक्कमला. या प्रक्रियेतून जो खरा जहाल द्रव उरतो, तो बोरोसिलिकेट काचेत मिसळून स्टीलच्या डब्यांत भरतात आणि हवेने थंड होणाऱ्या तिजोरीत ठेवतात. तांत्रिकदृष्ट्या हे काम चांगलं आहे, आणि आपल्या लोकांनी ते बरंचसं स्वतःच्या हिमतीवर केलेलं आहे. त्याला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही.

पण राजकारण या एका शब्दात आहे: संपत्ती. अमेरिकेने १९८२ मध्ये अणुकचऱ्याचा वेगळा कायदा केला, १९८७ मध्ये नेवाडातल्या युक्का डोंगरावर बोट ठेवलं, आणि त्यावर नेवाडा राज्य आणि वॉशिंग्टन यांचं भांडण इतकं लांबलं की शेवटी प्रकल्पाचे पैसेच थांबले. फिनलंडमधे उलट झालं. तिथल्या कायद्याने गावाला नाही म्हणायचा हक्क दिला होता. युराजोकी नावाच्या छोट्या नगरपालिकेने जानेवारी २००० मध्ये मतदान घेतलं, २० विरुद्ध ७ मतांनी होकार दिला, आणि तिथे आज खडकात खोल भुयारं खोदलेली आहेत. एका ठिकाणी भांडण झालं, एका ठिकाणी सहमती झाली. दोन्हीकडे प्रश्न निदान टेबलावर आला. आपल्याकडे जळालेल्या इंधनाला कचरा म्हणायचंच नाही असं ठरल्यामुळे तो पुरायचा कुठे, हा प्रश्न संसदेत आला की उत्तर ठरलेलं: एवढ्यात गरज नाही, प्रमाण फार थोडं आहे. प्रमाण थोडं आहे हे खरंच आहे. पण उत्तर पुढे ढकलणं हेही धोरणच असतं, फक्त त्यावर कोणाची सही नसते.

तारापूरची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे, कारण 'संपत्ती' कशी गळ्यात पडू शकते ते तिथे दिसतं. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन. करार १९६३ चा, व्यापारी वीज १९६९ च्या ऑक्टोबरपासून. इंधनही अमेरिकेनेच द्यायचं होतं. १९७४ ला पोखरण झालं, १९७८ ला अमेरिकेने अण्वस्त्रप्रसाराविरुद्ध कडक कायदा केला, आणि इंधन अडकलं. १९८० मध्ये कार्टर सरकारने एक खेप सोडली, १९८२ पासून फ्रान्सने पुरवठा घेतला. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. जळालेल्या इंधनाचं काय झालं, हे मात्र कोणी विचारत नाही. करारात म्हटलं होतं की त्याची पुनर्प्रक्रिया अमेरिकेच्या संमतीनेच करायची. ती संमती मिळाली नाही. बरं, अमेरिका ते इंधन परतही नेईना. शेजारीच पुनर्प्रक्रियेचा कारखाना उभा, आणि हौदातले गट्ठे तसेच पडून! हौदातले रॅक दाटीने लावावे लागले, मग साठवणीसाठी वेगळी जागा बांधावी लागली. १९९३ मध्ये करारच संपला, गट्ठे मात्र राहिले. २०१० मध्ये अमेरिकेबरोबर पुनर्प्रक्रियेची नवी व्यवस्था ठरली, तीही आंतरराष्ट्रीय तपासणीखालचे नवे कारखाने बांधण्याच्या अटीवर.

आता देखरेख. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने सगळा अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला, आणि कलम १८ ने माहिती उघड करण्यावर बंधन घालण्याचा अधिकारही दिला. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी सरकारी आदेशाने अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं. संसदेने कायदा करून नव्हे, आदेशाने. मंडळ अहवाल द्यायचं अणुऊर्जा आयोगाला; आयोगाचे अध्यक्ष हेच अणुऊर्जा खात्याचे सचिव; आणि ज्या केंद्रांवर नजर ठेवायची ती चालवणारं महामंडळ त्याच खात्याचं. मिलमधे अशी व्यवस्था असती तर रंगाऱ्याच्या हौदाची तपासणी रंगाऱ्याच्या शेठने नेमलेल्या माणसाने करायची, असा तिचा अर्थ झाला असता. १९८७ मध्ये किरणोत्सर्गी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम आले. त्यांत परवाना, नोंदी, मोजमाप, सगळं आहे. नियम वाचले तर वाईट वाटत नाहीत. आणि गंमत बघा, १९८९ मध्ये पर्यावरण कायद्याखाली घातक कचऱ्याचे नियम झाले, जे आमच्या मिलांना लागू, त्यांतून किरणोत्सर्गी कचरा मुद्दाम वगळला गेला. का, तर त्याचा कायदा वेगळा आहे. त्यामुळे गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस सचिन-पांडेसरातल्या हौदाचा गाळ तपासू शकतो, काकरापारच्या चराचा नाही.

काकरापारची पहिली भट्टी ३ सप्टेंबर १९९२ ला पेटली, दुसरी ८ जानेवारी १९९५ ला. जागा ठरली तेव्हा जनसुनावणी हा प्रकार आपल्या कायद्यात नव्हता. तो आला १९९७ मध्ये. म्हणजे व्यारा-मांडवी पट्ट्यातल्या गामित, चौधरी, वसावा वस्त्यांना युराजोकीसारखं कोणी मत विचारलेलं नाही. विचारणारे होते ते बाहेरून. वालोडजवळच्या वेडछीत, नारायण देसाईंच्या संपूर्ण क्रांती विद्यालयात, डॉ. सुरेंद्र गाडेकर आणि डॉ. संघमित्रा गाडेकर राहत. १९८७ पासून त्यांनी 'अणुमुक्ती' हे इंग्रजी नियतकालिक चालवलं. १९९१ मध्ये राजस्थानात रावतभाटा केंद्राजवळची आणि दूरची गावं घेऊन त्यांनी घरोघर आरोग्य पाहणी केली. त्यांची मतं पटोत न पटोत, खात्याबाहेरच्या कोणीतरी वही घेऊन मोजायला बसण्याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातून निघालं. सुरतेच्या इतिहासात याची नोंद हवी.

मग १९९४ चा पाऊस. १५ आणि १६ जूनच्या रात्री मोतीचेर तलावाचं पाणी चढलं आणि केंद्राच्या टर्बाइनच्या इमारतीत शिरलं. भट्टी त्या वेळी बंद होती, हे नशीब. एका कर्मचाऱ्याने त्याबद्दल गुजराती वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. तो निलंबित झाला, पुढे बडतर्फ झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि एप्रिल २०१३ मध्ये न्यायालयाने त्याला 'व्हिसलब्लोअर' मानायला नकार देऊन बडतर्फी कायम ठेवली. कायद्याच्या बाजूने त्या निकालाला युक्तिवाद आहेत. पण इतिहासकाराला एवढंच दिसतं की पूर आल्याची बातमी सुरतेला नियामकाकडून मिळाली नाही, एका नोकराच्या पत्राने मिळाली आणि त्या पत्राची किंमत एक नोकरी होती.

त्याच वर्षी सप्टेंबरात सुरतेत प्लेग. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि 'एसी टू डीसी' ही त्यांची घोषणा गाजली: वातानुकूलित खोलीतून उठा आणि रोजच्या कामाला रस्त्यावर या. अधिकारी सकाळी वॉर्डात दिसायला लागले. कचरा उचलला की नाही हे कागदावर नव्हे, कोपऱ्यावर तपासलं जाऊ लागलं. आपल्या पिढीने हा बदल डोळ्यांनी पाहिलाय. म्हणून सुरतेच्या माणसाला देखरेख म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज पडू नये.

अणुखात्यात त्या सुमाराला उलटी गंगा वाहत होती. १९९३ ते १९९६ या काळात डॉ. ए. गोपालकृष्णन नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. मार्च १९९३ मध्ये नरोऱ्याला टर्बाइनला आग लागली होती, त्यामुळे वातावरण गंभीर होतं. १९९५ मध्ये त्यांच्या मंडळाने खात्याच्या सगळ्या केंद्रांमधल्या सुरक्षेच्या त्रुटींची यादी तयार केली, सुमारे १३० मुद्द्यांची. सरकारने ती गोपनीय ठरवली. पीयूसीएल आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ मुंबई उच्च न्यायालयात गेले. याचिका फेटाळली गेली. जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कलम १८ वैध ठरवलं. यादी कपाटातच राहिली.

कचऱ्याच्या दृष्टीने मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते २००० साल. त्या वर्षी आदेश निघाला की भाभा अणुसंशोधन केंद्र आणि त्याच्याकडचे कारखाने नियामक मंडळाच्या कक्षेतून बाहेर. त्यांची सुरक्षा केंद्राचीच अंतर्गत परिषद बघेल. कारण दिलं गेलं संरक्षणाशी संबंधित कामाचं. पण पुनर्प्रक्रिया, तीव्र द्रवाच्या टाक्या, काच करण्याचे कारखाने हे बहुतांश भाभा केंद्राकडेच होते. म्हणजे देशातला सगळ्यात जहाल कचरा ज्या भिंतींच्या आत, त्याच भिंतींवरून पहारेकरी उतरवला. तीन वर्षांनी, २१ जानेवारी २००३ रोजी कल्पाक्कमच्या पुनर्प्रक्रिया कारखान्यात एक व्हॉल्व्ह निकामी झाला आणि तीव्र द्रव कमी तीव्रतेच्या टाकीत आला. नमुना घ्यायला गेलेल्या सहा कामगारांना मोठी मात्रा बसली. त्या जागी इशारा देणारं मोजयंत्र नव्हतं. ही बातमी जाहीर व्हायला जुलै उजाडला. व्हॉल्व्ह कुठेही निकामी होतो, मिलमधे रोज होतो. मोजयंत्र नसणं ही मात्र यंत्राची चूक नसते.

पुढचा भाग भराभर सांगतो, कारण त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा होते. फुकुशिमानंतर सप्टेंबर २०११ मध्ये सरकारने लोकसभेत स्वतंत्र अणुसुरक्षा प्राधिकरणाचं विधेयक मांडलं; २०१४ ला लोकसभेबरोबर तेही विरलं. ऑगस्ट २०१२ मध्ये कॅगचा अहवाल आला. १९८३ च्या आदेशाने मंडळाला किरणोत्सर्ग सुरक्षेचं राष्ट्रीय धोरण करायला सांगितलं होतं, ते तीस वर्षांनीही झालेलं नव्हतं. नियम मोडल्यास दंड किती, तर ५०० रुपये. जुनं केंद्र मोडीत काढायची पुस्तिका निघून तेरा वर्षं झाली तरी एकाही वीज केंद्राने आपली योजना दिलेली नव्हती. मोडीत काढायच्या खर्चासाठी युनिटमागे २ पैसे बाजूला पडतात, तो दर नव्वदच्या दशकापासून तेवढाच. (सुरतेच्या चहाच्या कपाचा भाव तेव्हापासून किती पट झाला, ते आपण सगळे जाणतो.) संसदेच्या लोकलेखा समितीने २०१३ मध्ये हेच ओढलं. मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं पथक मुंबईला येऊन गेलं. त्याने मंडळाच्या कामाचं कौतुक केलं आणि तरीही शिफारस केली की मंडळाला कायद्याने स्वतंत्र करा, आणि किरणोत्सर्गी कचऱ्याबद्दल सरकारने आपलं राष्ट्रीय धोरण लिहून जाहीर करा. डिसेंबर २०२५ मध्ये 'शांती' कायद्याने १९६२ चा कायदा रद्द झाला, खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि नियामक मंडळाला अखेर कायद्याचा आधार मिळाला. ४२ वर्षं लागली.

कायमच्या जागेचा प्रश्न या काळात एकदाच लोकांसमोर आला, आणि तोही अपघाताने. ऐंशीच्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत साधारण एक किलोमीटर खोलीवर भाभा केंद्राने हीटर लावून खडक तापवला तर काय होतं याचा प्रयोग केला होता. तिथे खरा कचरा नेला नव्हता. २०१२ मध्ये कुडनकुलमच्या खटल्यात सरकारतर्फे कोलारचा उल्लेख झाला आणि खाणगावात बंद, मोर्चे सुरू झाले. सरकारने तातडीने खुलासा केला की कोलारला काही पुरणार नाही. मे २०१३ च्या निकालात न्यायालयाने खोल भूगर्भातल्या साठ्याची सोय लवकर करा असं सांगितलं. कोलारच्या लोकांना आपल्या गावाचं नाव कोर्टातून कळलं. युराजोकीच्या लोकांना मतपेटीतून कळलं होतं.

परत काकरापारकडे येतो. तिथल्या तापीच्या पाण्याची, दुधाची, भाजीची, मातीची तपासणी नियमित होते, आणि जाहीर आकडे मर्यादेच्या बरेच खाली असतात. ते खोटे आहेत असं मानायला मला कारण दिसत नाही. पण ही तपासणी करणारी पर्यावरण प्रयोगशाळा भाभा केंद्राची असते. ११ मार्च २०१६ ला पहिल्या भट्टीची एक नळी फुटली, केंद्रात आणीबाणी जाहीर झाली आणि भट्टी २०१९ पर्यंत बंद राहिली. तेव्हा सुरतेत लोक एकमेकांना फोन करत होते. बाहेर किरणोत्सर्ग गेला नाही असं निवेदन आलं, ते बरोबरही असेल. पण विश्वास ठेवायला शहराकडे दुसऱ्या कोणाची वही नव्हती. आता तिथे ७०० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या आहेत. एक जून २०२३ पासून, दुसरी मार्च २०२४ पासून व्यापारी वीज देते. एकूण १८४० मेगावॅट, आणि त्या मापाने चर.

या चरांवर साधारण तीनशे वर्षं लक्ष ठेवायचं असं गृहीत धरलेलं असतं. तीनशे वर्षं म्हणजे काय ते आपण मंडळी तरी मोजू शकतो. पिलाजीराव गायकवाडांनी सोनगढ घेतलं ते १७१९ च्या सुमारास. तेव्हापासून त्या मुलखावर गायकवाडांचं राज्य आलं, १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई राज्यात गेलं, १९६० ला गुजरात झाला, २००७ ला सुरत जिल्ह्यातून तापी जिल्हा निघाला. व्याऱ्याच्या एका गावची दोनशे वर्षांची जमिनीची नोंद शोधायची तर मोडी, मग गुजराती, मग इंग्रजी दप्तर चाळावं लागतं, आणि मधली पानं वाळवीने खाल्लेली असतात. हे मी अनुभवाने सांगतोय. चरात काय ठेवलं, किती, कुठल्या साली, ही वही अशा किती राजवटी पार करणार आहे?

मंडळाच्या संग्रहासाठी एक विनंती. जून १९९४ चे सुरतेत निघालेले गुजराती-मराठी अंक, 'अणुमुक्ती'चे जुने अंक, काकरापारच्या बांधकामावर असलेल्या खानदेशी मुकादमांच्या-कामगारांच्या आठवणी, १९८६ ते १९९५ मधली पत्रकं, असं काही कोणाच्या माळ्यावर असेल तर कळवावं. लिंबायत-उधना भागातली काही कुटुंबं त्या कामावर होती असं ऐकतो. पुढच्या बैठकीत यातल्या दोन आठवणी तरी ध्वनिमुद्रित करायचं ठरलेलं आहे.